रिक्लायनर पडून, आई बाजेवर: वृद्धांसाठी आधाराचे फर्निचर घेण्याआधी

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपली आई ७६ वर्षांची असून औसा तालुक्यातील गावी मोठे भाऊ आणि वहिनी यांच्याजवळ राहते. उंची जेमतेम पाच फूट, दोन्ही गुडघ्यांची झीज, आणि दिवाळीनंतर ती न्हाणीघरात एकदा पडली. सुदैवाने हाड मोडले नाही. त्यानंतर आपण पुण्याहून रिक्लायनर (मागे कलणारी आरामखुर्ची), भांडे असलेली कमोड खुर्ची आणि घडीचा वॉकर पाठवला, पण तिन्ही वस्तू पडून आहेत. आई दुपारी ओसरीतल्या बाजेवर आणि संध्याकाळी ओट्यावर खांबाला टेकून बसते आणि "कायला आणलंस हे? उगं अडगळ," एवढेच म्हणते. आता मोटारीवर चालणारी कॉट घ्यावी का आणि तिचा हट्ट कसा सोडवावा, असे आपण विचारले आहे.

मी फिजिओथेरपिस्ट असून लातूर आणि आसपासच्या तालुक्यांत वृद्ध रुग्णांना घरी जाऊन पाहणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. आपल्या वर्णनावरून मला यात हट्ट फारसा दिसत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसणे सहसा जड जात नाही. जड जाते ते उठणे. ज्या जागेवरून उठता येईल अशी खात्री वाटते तीच जागा असा माणूस बसायला निवडतो, आणि ही निवड तो बोलून दाखवीलच असे नाही. त्यामुळे कोणती वस्तू घ्यावी हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून, आई दिवसभरात कुठून उठते, उठताना पाय कुठे ठेवते आणि हात कशावर टेकवते, हे आधी कोणीतरी नीट पाहिले पाहिजे. वहिनींनी एक दिवस लक्ष ठेवले तरी बरेच काही कळेल.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि मी त्या इथे बसून ठरवू शकत नाही. दुखणे केवळ गुडघ्यांचे आहे, की उठल्यावर अंधारीही येते. दृष्टी कशी आहे. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होऊन दारात अडखळतात का. रात्री लघवीला किती वेळा उठावे लागते. वजन किती आहे. घराच्या भिंती विटांच्या आहेत की जुन्या दगड-मातीच्या. नळाला पाणी किती दिवसांनी येते. यातल्या एकाही उत्तराने माझा सल्ला बदलू शकतो. पुढे जे लिहितो आहे ते आईचा त्रास मुख्यतः गुडघ्यांचाच आहे असे धरून लिहितो आहे.

प्रथम रिक्लायनरविषयी. खुर्चीवरून उठताना माणूस बैठकीच्या कडेशी सरकतो, पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घेतो, छाती पुढे झुकवून शरीराचा भार पावलांवर आणतो आणि मग हाताने रेटा देऊन उभा राहतो. या चारही गोष्टींना खुर्चीची साथ लागते. आता आपला रिक्लायनर डोळ्यांसमोर आणा. त्याच्या बैठकीखाली पाय ठेवण्याची फळी दुमडून बसवलेली असते, त्यामुळे पुढची बाजू जमिनीपर्यंत बंद असते आणि पावले मागे जातच नाहीत. बैठकीची खोली वीस-बावीस इंच असते. पाच फूट उंचीच्या बाईच्या मांडीला ती जास्त होते, म्हणून एक तर पाठ टेकत नाही, किंवा पाठ टेकली तर पाय अधांतरी राहतात. बैठक मऊ असल्याने कंबर खाली रुतते आणि गुडघे कमरेपेक्षा वर जातात. हाताच्या कडा जाड आणि गुबगुबीत असतात, त्यांवर पंजा नीट बसत नाही. थोडक्यात, विसावण्यासाठी ही वस्तू उत्तम आहे, पण उठण्यासाठी नाही. शिवाय ती आपण बहुधा टीव्हीच्या खोलीत ठेवली असणार, आणि गावातली येणारी-जाणारी माणसे तर ओसरीतून दिसतात.

याउलट बाज पाहा. खालून मोकळी असल्याने पावले मागे सरकतात, कडेचे लाकूड मुठीत पक्के धरता येते आणि तिची जागा माणसांत आहे. तिचा दोष एकच, पण तो मोठा आहे: वीण सैल पडली की मधला भाग खोल जातो, आणि चौकट जमिनीपासून पंधरा इंचांवर असली तरी बसणारा माणूस प्रत्यक्षात दहा-अकरा इंचांवर बसलेला असतो. बैठक जितकी खाली, तितका उठताना गुडघ्यावर आणि कमरेच्या सांध्यावर भार जास्त; पुरेशा उंच बैठकीवर गुडघ्यावरचा हा भार निम्म्यापर्यंतही खाली येऊ शकतो. ओटा तिला का आवडतो याचे उत्तरही इथेच आहे. ओटा उंच आहे, टणक आहे आणि धरायला खांब आहे. आपण हजारो रुपये देऊन जे आणले नाही ते तिने घरातच शोधून काढले आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की नवे काही घेण्याआधी बाज दुरुस्त करावी. आईला एखाद्या टणक बाकावर बसवून, पावले जमिनीवर सपाट ठेवून, जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. तिच्या उंचीला ते साधारण पंधरा-सोळा इंच भरेल. दुखऱ्या गुडघ्यांसाठी बैठक याहून एक-दोन इंच उंच असावी, म्हणजे भार पडल्यावर सोळा ते अठरा इंच. पण टाचा जमिनीला टेकल्याच पाहिजेत, त्या उचलल्या गेल्या तर उंची जास्त झाली असे समजावे. बाजेची पायगतीची दोरी ओढून घ्यावी किंवा बाज नव्या नवारीने घट्ट विणून घ्यावी. तरीही झोळ राहिला तर वर जाड फळी आणि तिच्यावर पातळ, दाबलेल्या कापसाची गादी टाकावी. उंची वाढवण्यासाठी पायांखाली विटा किंवा दगड लावू नयेत, ते सरकतात. सुताराकडून सहा बाय सहा इंचांचे चार लाकडी ठोकळे करून घ्यावेत आणि प्रत्येकात बाजेचा पाय बसेल अशी इंचभर खोल खोबण पाडून घ्यावी. बाज हलकी असते, त्यामुळे तिची एक लांब बाजू भिंतीला टेकलेली असावी, आणि आईने मधोमध न बसता उशाकडच्या पायाजवळ बसावे, तिथे वीण कमी दबते.

दिवसा बसण्यासाठी खुर्ची हवीच असेल तर ती साधी लाकडी किंवा लोखंडी, हात असलेली, टणक बैठकीची घ्यावी. बसल्यावर बैठकीची कड आणि पोटरी यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहावे, म्हणजे आपल्या आईसाठी खोली पंधरा-सोळा इंच पुरते. हात बैठकीपासून सात ते नऊ इंच वर असावेत आणि बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले असावेत, कारण रेटा तिथूनच द्यायचा असतो. घरोघरी दिसणारी प्लास्टिकची खुर्ची मापाने अनेकदा जवळपास बसते, पण गुळगुळीत फरशीवर रेटा देताच ती मागे सरकते; तिची पाठ भिंतीला लावून ठेवली तर काम भागते. जेवणासाठी पाटावरच बसायचा आईचा आग्रह असेल तर त्यावर वाद घालू नये. खुर्चीसमोर योग्य उंचीचे टेबल किंवा उंच चौरंग ठेवून इतरांनीही कधी तिच्यासोबत वर बसून जेवावे, म्हणजे पंगतीतून उठवून वेगळे बसवल्याची भावना राहत नाही. देवपूजेचेही तसेच. देव्हारा भिंतीवर दोन फूट वर नेला की खुर्चीवरून पूजा होते, आणि माझा अनुभव असा की हा बदल बहुतेक आज्या कोणत्याही वॉकरपेक्षा लवकर स्वीकारतात.

आता न्हाणीघर आणि शौचालय. आई पडली ती इथेच, आणि पुन्हा पडण्याची भीतीही इथेच अधिक आहे, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. गावांत आणि शहरांतही न्हाणीघरात दोनशे लिटरचा ड्रम आणि भरलेल्या बादल्या असणे हा आता घराचा भागच झाला आहे. वृद्ध माणूस आंघोळीनंतर उठताना या ड्रमच्या काठाला धरतो. ड्रम भरलेला असेल तर तो दोनशे किलोंच्या वर भरतो आणि भिंतीसारखा आधार देतो. पाणी संपत आले की तोच ड्रम आठ-दहा किलोंचा होतो आणि हात टेकताच ओल्या फरशीवर घसरतो. हाताला मात्र तीच सवय असते. आई पडली त्या दिवशी ड्रम किती भरलेला होता, हे वहिनींना जरूर विचारा. ड्रम शक्यतो न्हाणीघराच्या बाहेर, दाराशी ठेवावा आणि आत एकच बादली, तीही फूटभर उंच टणक घडवंचीवर ठेवावी, म्हणजे तांब्या भरायला वाकावे लागत नाही. आंघोळीसाठी बुटके स्टूल काढून टाकावे. पायांना रबरी बूट असलेली, हात असलेली आणि न गंजणारी खुर्ची ठेवावी. साबणाचे पाणी लगेच वाहून जावे म्हणून फरशीचा उतार आणि मोरीची जाळी पाहावी. शेवाळ धरलेली फरशी घासून घेण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

आधाराची दांडी बसवणे आवश्यक आहे, पण ती कुठे बसेल हे भिंत ठरवते. सिमेंटच्या गिलाव्याची नऊ इंची विटांची भिंत असेल तर चांगल्या प्रतीच्या अँकर बोल्टने सव्वा ते दीड इंच जाडीची स्टीलची दांडी पक्की बसते. साडेचार इंची भिंत असेल तर बोल्ट आरपार काढून पलीकडून लोखंडी पट्टी लावावी. घर जुने माळवदाचे, दगड-मातीच्या भिंतींचे असेल तर दांडी भिंतीत बसवू नये. या भिंती जाड दिसत असल्या तरी अनेकदा त्या दगडांच्या दोन थरांच्या असतात आणि मधे चुरा भरलेला असतो. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात अशा भिंतींचे थर एकमेकांपासून सुटून कोसळले, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको. अशा मातीच्या सांध्यात ठोकलेला बोल्ट आज घट्ट वाटला तरी माणसाचा झटका बसला की निघतो. तिथे वेल्डिंगवाल्याकडून दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची कमान करून तिचे पाय जमिनीत काँक्रीटने बसवून घ्यावेत. टॉवेलची दांडी, नळ किंवा फरशीला चिकटणारी व्हॅक्यूमची मूठ यांच्यावर शरीराचा भार टाकू नये.

कमोड खुर्चीविषयी आईचा नकार मला पूर्णपणे समजतो. झोपण्याच्या खोलीत भांडे असलेली खुर्ची ठेवायची, आणि सकाळी ते भांडे सुनेने उचलून न्यायचे, हे तिच्या पिढीच्या बाईला मरणप्राय वाटते. "मला काय झालंय?" या प्रश्नामागे बहुधा "माझी घाण कोणी काढायची?" हा न विचारलेला प्रश्न असतो. दिवसा तिला शौचालयापर्यंत चालता येत असेल तर त्या खुर्चीचे भांडे काढून ती भारतीय पद्धतीच्या भांड्यावर ठेवून पाहावी, किंवा त्यासाठीच मिळणारे कमोड स्टूल घ्यावे. घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. स्टुलाचे पाय भांड्याच्या उंचवट्यावर अर्धवट न येता सपाट फरशीवर टेकले पाहिजेत. बसण्याचे छिद्र भांड्याच्या भोकाशी जुळले पाहिजे. आणि बैठक पुढून उघडी असावी, कारण आपण पाण्याने, हाताने धुतो. पूर्ण गोल बैठकीत हात जात नाही, मग बाई अर्धवट उठून धुण्याचा प्रयत्न करते आणि नेमकी तेव्हा घसरते. दुकानदार ही गोष्ट सांगत नाहीत. स्टुलाला दोन्ही बाजूंनी हात नसतील तर जमिनीतली पाइपची कमान इथेही उपयोगी पडते.

रात्रीची व्यवस्था वेगळी असावी. अंगण ओलांडून शौचालयाला जावे लागत असेल तर रात्रीपुरती भांड्याची खुर्ची बाजेशेजारी, पडद्याआड ठेवावी आणि ते भांडे कोण रिकामे करणार हे आईसमोरच, तिला संकोच होणार नाही अशा शब्दांत ठरवून टाकावे. आपण गावी गेलात की ते काम आपण स्वतः करावे. मुलाने ते केलेले पाहिले की घरातला अवघडलेपणा बराच कमी होतो. मंद दिवा रात्रभर चालू असावा, आणि वीज जाते म्हणून उशाशी बॅटरी असावी. झोपेतून उठल्यावर पाय खाली सोडून मिनिटभर बसावे आणि मगच उभे राहावे, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर.

एवढे सगळे वाचून क्रम हरवू नये म्हणून सांगतो: आधी उजेड, शेवाळ आणि ड्रम, ज्यांना जवळपास खर्च नाही, मग बाजेची उंची, मग न्हाणीघरातली दांडी किंवा कमान, मग शौचालयातले स्टूल, आणि या चारही गोष्टी झाल्यावर गरज उरली तरच आणखी काही.

वॉकरबद्दल थोडक्यात. आई सरळ उभी असताना हात सैल सोडला की वॉकरची मूठ मनगटाच्या वळीशी यावी आणि मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले असावे. दुकानातून आलेला वॉकर बहुधा जास्त उंचीवर लावलेला असतो. वॉकरला धरून स्वतःला वर ओढू नये, तो अंगावर उलटतो. बाजेला किंवा खुर्चीच्या हातांना रेटा देऊन आधी उभे राहावे आणि मगच वॉकर धरावा. घराला उंच उंबरा असेल आणि अंगण खडबडीत असेल तर वॉकर दर दहा पावलांवर अडतो, आणि मग तो दोन आठवड्यांत कपडे वाळत घालायचा स्टँड होतो. अशा घरात काठी बरी. काठी जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तिच्या टोकाचे रबर झिजले की दहा-वीस रुपये खर्चून बदलावे.

आता मोटारीच्या कॉटचा प्रश्न. ज्या रुग्णाला कूस बदलता येत नाही, स्वतः उठून बसता येत नाही, किंवा श्वासाच्या त्रासामुळे छातीचा भाग उंच ठेवून झोपावे लागते, त्याच्यासाठी आणि त्याची सेवा करणाऱ्यासाठी ती कॉट आहे. आपली आई स्वतः उठते. बाजारातल्या साध्या फाउलर कॉट (पाठीकडचा भाग वर उचलता येणाऱ्या, रुग्णालयात असतात तशा) गादीसह दोन फुटांच्या आसपास उंच असतात; पाच फूट उंचीच्या बाईला त्यावरून उतरताना पाय जमिनीला लागत नाहीत, म्हणजे आपण पैसे देऊन एक नवा धोका घरात आणाल. कॉटचे कठडे लावले तर रात्री घाईत त्यांवरून उतरण्याचा प्रयत्न होतो, आणि ते पडणे अधिक उंचीवरचे असते. शिवाय गावात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो आणि अर्धवट उचललेल्या स्थितीत कॉट अडकली तर घरचे घाबरतात. पुढे शस्त्रक्रिया झाली किंवा अंथरूण धरण्याची वेळ आली तर हाताने फिरवायची कॉट लातूरमध्ये महिन्याच्या भाड्याने मिळते, तेव्हा घ्यावी. बटण दाबून उभी करणारी खुर्चीही मी अशा रुग्णाला आत्ताच सुचवणार नाही, कारण मांडीचे जे स्नायू उठताना वापरले जातात तेच गुडघ्याला सांभाळतात. त्यापेक्षा उंच केलेल्या बाजेवरून, समोर कोणी उभे असताना, दिवसातून दोन-तीनदा चार-पाच वेळा सावकाश उठ-बस करावी. दुखणे वाढत असेल तर उंची आणखी इंचभर वाढवावी किंवा संख्या कमी करावी. उठताना कोणी दंडाला धरून ओढू नये. शेजारी उभे राहावे आणि गरज पडली तर कमरेला आधार द्यावा.

खर्चाच्या दृष्टीने, ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत उपकरणांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात देण्याची तरतूद आहे आणि त्यात वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा यांचा समावेश होतो. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. रिक्लायनर परत घेत असतील तर परत द्यावा. नाही तर भाऊ वापरतील.

शेवटी एक सावधगिरी. आई काही अडखळले नसताना पडली असेल, पडण्याआधी डोळ्यांपुढे अंधार आला असेल, पडल्यापासून जांघेत दुखत असेल, किंवा गेल्या काही आठवड्यांत उठणे अचानक फारच अवघड झाले असेल, तर वरचे काहीही करण्याआधी तिला डॉक्टरांना दाखवावे आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्याव्यात. तसे काही नसेल तर गुडघ्यामागच्या वळीची उंची, बाजेची माणूस बसल्यानंतरची उंची आणि न्हाणीघराच्या भिंतीचा प्रकार एवढे तीन तपशील इथे लिहा. ठोकळे किती इंचांचे करावेत आणि दांडी कुठे बसवावी ते मी सांगेन.